मॉडेलमास्तरांचं मैदान

माझ्या सासऱ्यांना कुठलीही जमीन उभ्यानं बघता येत नसे. रस्त्यानं जाताना एखादं माळरान लागलं की ते थांबायचे, उकिडवे बसायचे, एक डोळा मिटायचे आणि मान तिरकी करून गाल जवळजवळ मातीला टेकवायचे. अनोळखी माणसाला वाटायचं, यांचं काहीतरी हरवलंय. लग्नानंतर ते मला पहिल्यांदा माहेरून आणायला आले, तेव्हाही स्टँडवरून घरी येताना असेच बसले. मी नवी नवरी, हातात पिशवी, पदर सावरत रस्त्याच्या कडेला उभी. ते उठून गुडघे झाडत म्हणाले, "जमीन बसून बगावी, शालन. उभ्यानं समदी सपाट दिसती."

भिंगारच्या कॅम्पात त्यांना सगळे मॉडेलमास्तर म्हणत. आम्ही घरात मामा म्हणायचो. मूळचे पाथर्डीकडचे. कोरडवाहू तुकडा भावांना सोडून ते तरुणपणीच कॅम्पात मुलकी नोकरीला लागले होते. तिथल्या रणगाड्यांच्या शाळेत एक लांबरुंद खोली होती आणि खोलीत वाळूनं भरलेला मोठा लाकडी हौद. साहेब लोक नकाशा देत आणि मामा त्यावरून वाळूत टेकड्या, ओढे, पूल, गावं उभी करत. हिरवा रंग दिलेला लाकडाचा भुसा म्हणजे शेत, रंगवलेली सुतळी म्हणजे सडक. हौदाभोवती उभं राहून अधिकारी लुटुपुटूची लढाई लढत. लढाई संपली की मामा फळकुटानं सगळं सपाट करत आणि पुन्हा नवा मुलूख मांडत. एवढे मुलूख मांडूनही ते स्वतः नगर जिल्ह्याबाहेर फारसे गेले नव्हते.

गेल्या दिवाळीत माझ्या भावाची नात आली होती. ती पुण्यात मोबाईलवरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत आहे. सध्या एका खेळासाठी गोल्फचं मैदान करतेय म्हणाली आणि तिनं ते पडद्यावर दाखवलं. बोटानं टेकडी उचलत होती, खड्डा दाबत होती. "आजी, तुला कंटाळा येईल," ती म्हणाली. मला कंटाळा आला नाही. असंच एक मैदान बाहत्तर साली आमच्या घरात झालं होतं आणि त्याचा कागदी लगदा मी मळला होता.

त्याच्या आधीचा डिसेंबर सांगायला हवा. माझे यजमान अशोक रणगाड्यावर तोफ चालवत. आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. लढाई सुरू झाली आणि संपायच्या आत तार आली. घर माणसांनी भरलं, रिकामं झालं. मी रडले नाही. लोक म्हणाले, पोरीला धक्का बसलाय, तिला रडवा. पाथर्डीहून आलेल्या बायकांनी माझ्या गळ्यात पडून खूप प्रयत्न केले. मला त्यांच्या लुगड्यांचे वास तेवढे आठवतात. मामाही रडले नाहीत. ते तेराव्यानंतर कामावर गेले आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, स्वयंपाकाला लागल्या. आम्ही तिघं वेळच्या वेळी जेवत होतो.

मग महिन्याभरानं अशोकच्या रणगाड्याचा ड्रायव्हर त्यांची पेटी घेऊन आला. हरियाणाकडचा उंच पोरगा, हाताला अजून पट्टी. तो दारातच मामांच्या पायाशी बसला आणि रडू लागला. आईंनी त्याला पाणी दिलं. मामांनी त्याला रडू दिलं आणि मग जमीन विचारायला सुरुवात केली. नाला कुठल्या अंगाला होता, काठ किती उभा, पलीकडे चढ होता की सपाटी, झाडं कसली, ऊस होता का. मोडक्यातोडक्या हिंदीत ते विचारत होते आणि पोरगा डोळे पुसत हातानं दाखवत होता. रणगाडा नाल्यात उतरला, पलीकडचा काठ चढेना, मागे वळायला जागा नव्हती. तिथंच गोळा लागला. अशोक शेवटी काय बोलले, कसे होते, हे मामांनी विचारलं नाही. पोरगा गेल्यावर आई म्हणाल्या, "लेकाचं इचारायचं सोडून नाल्याचं काय इचारत बसलात?" त्यानंतर कॅम्पातला हौद त्यांच्या हातून भरेना. ते वाळूत हात घालून नुसते उभे राहतात, असं कुणीतरी आम्हांला येऊन सांगितलं. साहेबांनीच त्यांना लांबलचक रजा दिली.

त्या उन्हाळ्यात मिलिटरी हॉस्पिटलातल्या एका कॅप्टननं मामांना बोलावणं पाठवलं. कॅप्टन त्यांना ओळखत होता, याच शाळेत मामांच्या वाळूभोवती उभा राहून शिकला होता. लढाईत त्याचे दोन्ही पाय गुडघ्याखाली गेले होते. पूर्वी तो गोल्फ खेळायचा. वॉर्डात त्याच्यासारखी बरीच पोरं दिवसभर छताकडे बघत पडून असतात, असं त्यानं सांगितलं. दोन खाटांच्या मध्ये ठेवता येईल असं गोल्फचं मैदान मास्टरजींनी करून द्यावं, म्हणजे पोरांना पडल्यापडल्या खेळता येईल, अशी त्याची विनंती होती. मामांनी गोल्फ कधी बघितला नव्हता. कॅप्टननं स्वतः चाकाच्या खुर्चीवर बसून त्यांना कॅम्पातल्या मैदानावर नेलं. दुष्काळानं ते मैदान पिवळं पडलं होतं. चेंडू ज्यात घालायचा त्या भोकाभोवतीची जागा तर तेल घातलेल्या वाळूचीच होती. वाळू बघून मामांना बरं वाटलं असावं. ते तिथं गाल टेकवून बसले आणि घरी येऊन मला म्हणाले, "आजवर जमीन हुती तशी केली. आता आपल्या मनानं करायची हाय."

दारूगोळ्याच्या रिकाम्या खोक्यांच्या फळ्या जोडून त्यांनी पाट केला. त्यावर वाळू टिकली नसती, म्हणून कागदाचा लगदा ठरला. लगदा मला येत होता. माहेरी आम्ही रद्दी आणि मेथ्या भिजवून, कुटून टोपल्या करायचो. पाण्याचे हाल होते, नळ दिवसाआड यायचा तोही करंगळीएवढा. भांडी विसळलेलं पाणी मी साठवू लागले. रद्दी आईंनी माळ्यावरून काढून दिली. त्यात डिसेंबरातले अंक होते, विजयाच्या मोठ्या मथळ्यांचे. आईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी ते फाडले, भिजवले, मळले. दोन दिवसांत अक्षरं गेली आणि राखाडी गोळा उरला. मला काही वाटलं नाही. हाताला गार लागत होतं, एवढंच.

मामांचा कामाचा एक रिवाज होता. प्रत्येक भोक तयार झालं की ते स्वतः खेळून बघत नसत, मला खेळायला लावत. सायकलच्या चाकातला छर्रा हा चेंडू, आणि बांबूची चपटी काडी हा दांडा. मी मारायची आणि ते छर्ऱ्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघायचे. फारच सहज गेला तर म्हणायचे, "न्हाई, पोरांना झोप लागंल." जाईनासाच झाला तर म्हणायचे, "हे बी न्हाई. चिडून फेकून देतील." मग ओल्या अंगठ्यानं कुठं उंचवटा दाबत, कुठं कड उचलत. वाळलेल्या लगद्यावर गेरू आणि हिरवा रंग मीच लावला. घरात त्या दिवसांत एवढंच बोलणं व्हायचं, चढ, उतार, ओलं, वाळलं.

नऊ भोकांपैकी आठ झाली आणि नववं त्यांनी मला न सांगता एकट्यानं केलं. मी छर्रा मारला तो एका नाल्यात पडला. नाल्याचे दोन्ही काठ उभे होते. मी काडीनं कितीही मारलं तरी तो काठाला लागून परत तळाशी येत होता. मला कळलं. मी काडी खाली ठेवली आणि आत जाऊन तांदूळ निवडत बसले.

कॅप्टन पाट बघायला घरी आला. त्याची खुर्ची दोन जवानांनी उचलून आत घेतली. तो एकेक भोक खेळत गेला, हसला, एका ठिकाणी त्यानं मामांचा हात हातात घेतला. नवव्याला त्याचा छर्रा नाल्यात गेला. त्यानं पुष्कळदा मारून बघितलं, मग काडी मांडीवर आडवी धरून म्हणाला, "खेल है मास्टरजी. इस में निकलने का रास्ता देना पड़ता है."

मामा म्हणाले, "तितं न्हवता." मराठीतच म्हणाले.

कॅप्टन कितपत समजला कोण जाणे. पण तो त्याच आघाडीवर लढला होता. त्यानं पुन्हा पाटाकडे बघितलं, नाल्यावरून बोट फिरवत नेलं आणि पलीकडच्या काठाशी थांबवलं. आई दारात चहाचा ट्रे घेऊन तशाच उभ्या राहिल्या. जाताना कॅप्टननं नाला बुजवा असं सांगितलं नाही. तुम्ही द्याल तसा पाट वॉर्डात नेऊ, एवढंच सांगून तो गेला.

काही दिवस पाट तसाच पडून होता, त्यावर चादर टाकलेली. मग एका सकाळी मामांनी मला मूठभर लगदा भिजवायला सांगितला. ते पाटाशी बसले आणि नाल्याच्या पलीकडच्या काठाला, डाव्या अंगानं, एक उतरण लावू लागले. फार रुंद नव्हे. नेम नीट धरला तरच छर्रा त्यावरून वर येईल अशी. त्यांचा अंगठा तिथं पुन्हा पुन्हा फिरत होता, वाळायला आलेल्या जागेवरही. वाळल्यावर त्यांनी मला मारायला लावलं. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा छर्रा उतरण चढला, काठावर जरा रेंगाळला आणि वरच्या सपाटीला जाऊन थांबला. मामा या वेळी माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. म्हणाले, "आता रंग दे."

पाट न्यायला मिलिटरीची गाडी आली, तेव्हा रंग कुठं उडालाच तर लावायला म्हणून मीही बरोबर गेले. वॉर्डात पहिल्यांदा पाऊल टाकलं. पोरं कोपरांवर उठून पाटाकडे झुकली. नवव्या भोकाला सगळेच अडकत, शिव्या देत आणि पुन्हा मागून घेत. एक पोरगा छर्रा मारायच्या नादात खाटेवरून घसरला, मी त्याला धरलं. तिथल्या मेट्रननं मला विचारलं की मी काय शिकले आहे. मॅट्रिक, म्हणाले. पुण्याला नर्सिंगला जागा असतात, ती म्हणाली.

तोवर माझे वडील मला कायमची न्यायला एकदा येऊन गेले होते. आईंना मी त्यांच्याजवळच हवी होते. माझं स्वतःचं मत नव्हतं, जिथं ठेवतील तिथं मी राहिले असते. मेट्रनचं बोलणं मी सहज सांगितलं. मामांनी ते जेवताना ऐकून घेतलं, हात धुतला आणि म्हणाले, "तू जा. हितं राह्यलीस तर आपन तिघंबी जन्मभर त्या नाल्यातच बसून ऱ्हाऊ." पुढं माझ्या वडिलांना समजवायला तेच माहेरी गेले. कॅम्पातल्या नोकरीचा त्यांनी त्याच सुमारास राजीनामा दिला. वाळूला पुन्हा हात लावला नाही.

मला पोचवायला दोघंही स्टँडवर आले होते. गाडीला गर्दी होती. मामांनी खिडकीतून माझी ट्रंक आत सरकवली. आईंनी दशम्या दिल्या. गाडी हलली तेव्हा दोघं शेजारी शेजारी अगदी ताठ उभे होते, फोटो काढायला उभे राहतात तसे.

शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी मामा झोपेतच गेले. मी पोचले तेव्हा अंत्यविधी होऊन गेला होता. माणसं पांगली, आणि संध्याकाळी आई आणि मी दोघीच उरलो. कोरड्या आवाजात आई म्हणाल्या, "तुजी गाडी गेली नव्हं त्या दिशी, आमी घरापत्तुर बी पोचलो न्हाई. स्टँडच्या मागं, ह्ये भिताडाला टेकून बसले आन् लई रडले. मीबी रडले. वरीसभर ह्यांनी मला बजावून ठिवलं हुतं, पोरीसमोर रडायचं न्हाई, पोर खचंल."

मी सांगितलं की मीही तुमच्यासमोर म्हणूनच रडले नव्हते.

आईंनी चुलीवर चहाचं आधण ठेवलं होतं. ते उकळून आटलं, भांडं करपल्याचा वास आला, तरी आम्हां दोघींतलं कुणी उठलं नाही.