मेक्सिकोत आपलं कोणी नाही

माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं जे काही शिकले ते रियाधला, अल मलाझच्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलावर. मुलगी इंडियन स्कूलमध्ये इंग्रजीतून शिकत होती. ती धडा पाठ करायची आणि मी पुस्तक हातात धरून प्रश्न विचारायची. उत्तर बरोबर की चूक हे मला कळायला नको का? म्हणून आधी मीच वाचून ठेवायची. असंच एकदा तिच्या इतिहासाच्या पुस्तकात एक दगडी डोंगर आला. पायऱ्यापायऱ्यांचा, माणसांनी रचलेला. माया लोक, अझ्टेक लोक, त्यांचे राजे, त्यांचं पंचांग. परीक्षा झाली आणि मुलगी सगळं विसरून मोकळी झाली. मी काही विसरले नाही. मासळी साफ करतानाही माझं डोकं तिथेच, की चाक न लावता एवढे दगड वर नेले कसे बाई यांनी?

मुलगी आता लग्न होऊन पुण्याला आहे. तिला फोनवर म्हटलं, मला मेक्सिकोला जायचंय. ती म्हणाली, "मम्मी, आर यू सीरियस? पप्पा ऐकतील?"

खरी गोम तिथेच होती. आमचे हे अल सुलैच्या एका मोठ्या गोदामात सुपरवायझर. पुढच्या वर्षी त्यांची नोकरी संपते. मग फायनल एक्झिट, म्हणजे इकामा, इथला राहण्याचा परवाना, संपला, सामान बांधायचं आणि कायमचं रत्नागिरीला जायचं. आणि एकदा गावात जाऊन बसलं की तिथून मी कुठे हलणार? आज कोणाचं बाळंतपण, उद्या कोणाची मयत, परवा नणंदेच्या घरी दावत. म्हणजे जायचं तर याच सुट्टीत. नाहीतर मेक्सिको जन्मभर पुस्तकातच राहणार होतं.

इथे बायकोचा इकामा नवऱ्याच्या नावावर असतो. त्याने फोनवर एक्झिट री-एंट्रीचं, म्हणजे जाऊन परत यायच्या परवानगीचं, बटण दाबलं तरच बायकोचा पाय विमानात पडतो. तर माझा सगळा मेक्सिको ह्यांच्या एका अंगठ्याखाली अडकून बसला होता.

आणि ह्यांचा स्वभाव गोदामाचा. माल निघाला की ह्यांचा पहिला प्रश्न, "घेणारा कोण?" घेणारा ठरलेला नसेल तर ट्रक फाटकाबाहेर जात नाही. माणसांनाही हाच कायदा. इतक्या वर्षांत आम्ही जिथे जिथे गेलो तिथे विमानतळावर न्यायला कोणीतरी उभं होतं. मुंबईला ह्यांचा मेहुणा, जेद्द्याला मामेभाऊ.

मी विषय काढला तर म्हणाले, "मेक्सिकोत आपलं कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग जायचं कशाला?"

"बघायला! स्पॅनिश लोकांनी वसवलेली जुनी शहरं आहेत. रंगीत घरं, आत चौक, चौकात कारंजं."

"जुनी घरं बघायची तर जेद्द्याला चल. गाडीने जाऊ."

"तुमच्या मामेभावाकडे? तिथे मी घरं कधी बघू? किचनच्या खिडकीतून?"

"दगड बघायचे तर इथलंच अल-उला आहे, डोंगरात कोरलेलं."

"तुमचं गोदामही दगडाचंच आहे. तिथेच नेऊन बसवा मला."

त्यावर ते उठून वजू करायला गेले. वाद हरायला लागले की नमाजची वेळ ह्यांना बरोबर सापडते.

मी काही थांबले नाही. वरच्या मजल्यावर एक नर्स राहते, वऱ्हाडातली, सरकारी हॉस्पिटलात आहे. ड्यूटी संपली की चहाला येते. टेबलावर नकाशा पसरून आम्ही दोघी बसायचो. मेक्सिको सिटी, तिथून पुएब्ला, तिथून वाहाका, मग विमानाने मेरिदा. पुएब्लाजवळ एक टेकडी आहे, ती टेकडी नाहीच, आत पूर्ण पिरॅमिड आहे! आणि स्पॅनिश लोकांनी वर नेऊन चर्च बांधलंय. मी व्हिडिओ दाखवला तर नर्स म्हणाली, "काऊन जी मावशी, त्याईले खाली जागा नोती का?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमचं बीपी पाहता मेक्सिको सिटीत दोन दिवस गुमान बसा. उंचावर हाय ते. धाप लागली तं काकांचं ऐकून घ्या लागन."

ह्यांच्या तक्रारींना मी एकेक करून उत्तरं तयार ठेवली. पहिली तक्रार गुडघ्याची. "या वयात मी पिरॅमिड चढू?" मी हौसेने शोधून काढलं आणि जेवताना जाहीर केलं, "सगळ्यात नावाजलेला जो आहे ना, चिचेन इत्साचा, त्यावर चढायला बंदी आहे!" एखाद्या ठिकाणी बंदी आहे म्हणून इतकं खूश झालेलं माणूस त्यांनी कधी पाहिलं नसेल. ते म्हणाले, "मग खालून बघायचा? खालून तर फोनमध्येही दिसतो."

दुसरी तक्रार खाण्याची. "तिथे सगळं डुकराचं. आपण खाणार काय?"

"मक्याची भाकरी, राजमा, भात, मासे. आणि वाहाकाला भाजलेले टोळ मिळतात. हलाल."

"टोळ?"

"हाइलमध्ये खाल्लेत की!"

लग्नानंतरची पहिली वर्षं आमची सौदीतच उत्तरेला, हाइलला गेली. शेजारच्या सौदी घरातून एकदा ताटभर टोळ आले होते. पाहुणचार नाकारायचा कसा, म्हणून ह्यांनी डोळे मिटून खाल्ले आणि वर पुन्हा "माशाल्ला, माशाल्ला" म्हणाले. शेजाऱ्याला वाटलं फार आवडले. पुढच्या वेळी दोन ताटं आली. ही आठवण काढली तसे हे हसले. हसले, पण फोनला हात लावला नाही.

मेक्सिकोचा व्हिसा दोघांचाही झाला. त्याचे फॉर्म मी मुलीकडून ऑनलाइन भरून घेतले आणि इथल्या एम्बसीत आम्ही दोघं जाऊन आलो. ह्यांनी कागदांवर सह्या केल्या, मला वाटतं व्हिसा मिळणारच नाही या भरवशावर. आता फक्त अंगठा बाकी होता.

आणि इथे मी माती खाल्ली. म्हणजे झालं असं, की सुट्टी जवळ आली की माझे हात आपोआप चालायला लागतात. कपाटावरच्या दोन मोठ्या बॅगा खाली काढायच्या, अल मलाझच्या दुकानांची एक फेरी मारायची आणि भरायला घ्यायचं. शुक्रवारी हे जुम्याहून आले, तर मी बेडरूममध्ये बॅगेवर गुडघा टेकून चेन ओढत होते.

"उघड बघू."

उघडली. दुधाची पावडर, टँगचे डबे, खजूर, अत्तराच्या बाटल्या, वेदनाशामक मलमाच्या डब्या, दोन टॉर्च आणि गुलाबाच्या फुलांचं जाडजूड ब्लँकेट.

ह्यांनी ब्लँकेट उचललं. "हे मायांच्या राजासाठी?"

मी टँगचे डबे उगाच सरळ करायला लागले.

"आणि मलम? पिरॅमिड बांधून बांधून त्याची कंबर गेली असेल."

"हसा. हसून घ्या."

ते खरंच हसत पलंगावर बसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "बघ, तुलाही माहीत आहे. घेणारा नसला की जाता येत नाही. तू काय मला समजावतेस?"

मला एकदम रडू आलं. मी ब्लँकेट त्यांच्या हातातून ओढून घेतलं. म्हटलं, "नाही. उलट आहे. मला अशा ठिकाणी जायचंय जिथे घेणारा कोणी नाही. दर सुट्टीला मी बॅगा भरते, गावी जाऊन रिकाम्या करते, आणि मग महिनाभर लोकांच्या घरी भाकऱ्या थापते. मी कोणाची वहिनी, कोणाची काकी, कोणाची सून. एकदा तरी मला अशा रस्त्यावर उभं राहायचंय जिथे मी कोणाची कोणीच नाही."

ह्यांचं हसू थांबलं. बराच वेळ टॉर्च चालू-बंद करत बसले. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "आणि मी? मीही नको?"

"तुम्ही पाहिजेत हो! एवढ्या मोठ्या पिरॅमिडपुढे माझा फोटो कोण काढणार?"

त्यांनी खिशातून फोन काढला. चष्मा शोधला. पासवर्ड दोनदा चुकला. माझ्या तोंडून दुआ-दरूद चालू होती. शेवटी अंगठा पडला. परवानगीचा मेसेज आला तो त्यांनी मला दाखवला नाही, स्वतःच मोठ्याने वाचला, जणू बक्षीस जाहीर करताहेत.

पण खरी परीक्षा पुढे होती. गावी कळवायचं कोणी? मोठ्या नणंदेला आमच्या सुट्टीची तारीख आमच्याआधी माहीत असते. मी म्हटलं, मी नाही सांगणार. मग ह्यांनीच स्पीकरवर फोन लावला.

"आपा, या वर्षी आम्ही येत नाही. मेक्सिकोला चाललोय."

"या अल्ला! कोणाला काय झालं?"

"काही नाही झालं. फिरायला."

"तिथे आपलं कोण आहे?"

"कोणी नाही, आपा."

मी बॅगेची कडी घट्ट धरली. आता आपा रडणार, आता म्हणणार भाऊ परका झाला, आणि हे विरघळणार. ह्यांचा चेहरा विरघळायला लागलाच होता.

"कोणी नाही?" आपा म्हणाल्या. "कोणाच्या घरी उतरायचं नाही? कोणाला काही न्यायचं नाही? सकाळी उठून चूल नाही?"

"नाही."

"मग मला पण घेऊन चला."

माझ्या पायाखालची फरशी सरकली. हे माझ्याकडे बघताहेत, मी ह्यांच्याकडे. ह्यांच्या डोळ्यांत ती चमक मी ओळखते, बहिणीने काही मागितलं की येते ती. मी दोन्ही हात जोडले. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"आपा, तुझा पासपोर्ट आहे ना चालू?"

"अरे तो कधीच संपला. तू सांगशील तर आता करते, लागतील थोडे आठवडे."

"अल्हम्दुलिल्लाह!"

हे मी मनात म्हणायला गेले होते. ते स्पीकरमधून पार रत्नागिरीपर्यंत पोहोचलं.

"कोण बोललं रे?" आपांनी विचारलं.

"टीव्ही," हे म्हणाले.