मामाला ऊन लागू नये म्हणून

ताईचं लग्न मागच्या मे महिन्यात झालं. त्या लग्नात माझ्याकडे एकच काम होतं, मामाला उन्हात जाऊ द्यायचं नाही. काम लहान वाटतं, पण माझा मामा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ते लहान वाटणार नाही.

त्याच्या आदल्या उन्हाळ्यात एका लग्नात भर दुपारी वरातीपुढे नाचता नाचता मामा खाली बसला आणि उठलाच नाही. दवाखान्यात नेलं, सलाईन लागलं, तीन दिवस तो कोणाशी नीट बोलला नाही. डॉक्टरांनी मामीला सांगितलं की पुन्हा असं झालं तर मी काही सांगू शकत नाही. मामाला विचारलं तर तो म्हणायचा, जरा गरगरलं होतं. त्यानंतर त्याने काळजी घेतली ती एवढीच, की घराबाहेर पडताना खिशात एक कांदा ठेवायचा आणि कानाला दुपट्टा बांधायचा.

आणि ताईच्या लग्नात मामा नसणं शक्यच नव्हतं. आमच्याकडे नवरीला मामा आणतो, मंगलाष्टकं होईपर्यंत तोच तिच्या पाठीशी उभा राहतो. शिवाय ताई पाचवीपासून दहावीपर्यंत मामाकडे राहून शिकली. तिला सायकल त्यानेच शिकवली. मुहूर्त नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत निघाला, तोही दुपारी बाराच्या पुढचा. त्या संध्याकाळी भांडी घासताना ताई मला म्हणाली, "मामा पडला ना, तर मी मंडपातून उठून दवाखान्यात जाईन. मग करा म्हणा लग्न."

मी अमरावतीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे घरी माझं दोन प्रकारे चालतं. मोबाईल बिघडला, विजेचं बिल समजलं नाही, औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय हे कळलं नाही, की मला विचारतात. बाकी गोष्टींत मी लहान असते. लग्नाचा मुहूर्त ही बाकी गोष्ट होती.

पण त्याच महिन्यात वर्गात मॅडमनी आम्हाला हवामानाचा एक नकाशा दाखवला होता. त्यात आपला सगळा भाग गडद लाल. वर्ग हसला. होस्टेलमधली माझ्या खोलीतली मुलगी अकोल्याची आहे, तिने लगेच आमच्यापेक्षा तुमचा लाल फिका आहे म्हणून चिडवलं, आणि त्यावरून अकोलावाल्या आणि अमरावतीवाल्या मुलींचं जेवणापर्यंत भांडण चाललं. उन्हाचाही आमच्याकडे अभिमान असतो. मला मात्र नकाशा पाहून मामा आठवला. मॅडम म्हणत होत्या की दिवसापेक्षा रात्रींची काळजी करा, रात्री थंड होणं कमी झालंय. ते मला लगेच पटलं, कारण बाबा दरवर्षी तेच म्हणतात. त्यांच्या लहानपणी अंगणात खाट टाकली की मध्यरात्री चादर लागायची. आता पहाटेपर्यंत खाटेची नवार गरम लागते.

म्हणून सुट्टीत घरी आल्यावर मी धीर करून बाबांना म्हटलं की लग्न सकाळी लावूया. बाबा हसले नाहीत, ते माझ्याकडे बघतच राहिले. मी मोबाईलमध्ये पुढच्या दिवसांचं तापमान दाखवलं, तर म्हणाले मोबाईलात कशाले पाह्यतं, बाहेर पाय. त्यांची खरी अडचण व्याह्यांची होती. मुलाकडचे अकोल्याचे, जुन्या शहरातले. मुलाचे वडील साखरपुड्यातच म्हणाले होते, "आमी अकोल्याचे. आमाले ऊन काय सांगता." आता त्यांना फोन करून ऊन सांगायचं म्हणजे बाबांच्या जिवावर आलं.

शेवटी आईने विहीणबाईंना फोन केला. त्या पलीकडून म्हणाल्या की बाई, मीच सांगणार होती, माया बीपीची गोळी चालू हाये. दोघींनी मिळून अर्ध्या तासात ठरवलं. भटजींनी पंचांग पाहून सकाळी आठचा मुहूर्त काढून दिला. त्यांनाही बरं झालं, त्यांचं दुपारी नांदगावात दुसरं लग्न होतं. पत्रिकेवर छापलं, सकाळी ठीक आठ वाजता.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. पत्रिकेवरची वेळ ही आम्ही वेळ म्हणून वाचत नाही. अकरा पस्तीस लिहिलं असेल तर लग्न दीडला लागणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. लिहिणाऱ्यालाही आणि वाचणाऱ्यालाही. ते मला माहीत होतं, म्हणून मी घरोघर फोन करून सांगितलं की ही वेळ खरी आहे. सगळे हो म्हणाले. एक काका म्हणाले, "हाव पोरी, आठले म्हणजे आठले. अन् जेवण किती वाजता हाये?"

लग्नाच्या दिवशी आठ वाजता शाळेच्या मैदानातल्या मंडपात मी, भटजी, आणि खुर्च्या होतो. खुर्च्या पुष्कळ होत्या. भटजींनी घड्याळ पाहिलं, मग मला पाहिलं. मी आचाऱ्याकडे गेले तर तो कांदे चिरत बसला होता. म्हणाला, तुया बाबांनीच तर अकराले जेवण सांगितलं. मंडपातले मोठे कूलर आणणाराही आला नव्हता. त्यालाही बाबांनी दहाला बोलावलं होतं. मी बाबांकडे गेले. ते धोतराचा काठ नीट करत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. म्हणाले, "मले वाटलं, तसं बी लोक दहालेच येतीन." लग्न ज्यांच्या घरी होतं त्यांनीच आठवर विश्वास ठेवला नव्हता. मला राग यायला हवा होता, पण हसूच आलं.

मुलाकडच्यांचं तेच. वरात गावात पोचली तेव्हा साडेनऊ झाले होते. त्यांनी हिशोब केला होता की आम्ही आठ लिहिलंय म्हणजे आम्हाला दहा अभिप्रेत आहे, म्हणजे साडेनऊला पोचलं तर आपण लवकरच.

आणि नेमकी तेव्हा लाईट गेली. मामाला आम्ही घरात छोट्या कूलरसमोर बसवलं होतं. पंख्याचं पातं थांबलं तसा मामा उठला. अक्षता पडेपर्यंत तो जेवणार नव्हता, हेही त्याने स्वतःच ठरवलेलं. म्हणाला वरात मारोतीपाशी आली, तिचं स्वागत करायले माणूस नको का. आई मला एवढंच म्हणाली, "त्याले सोडू नको." मी छत्री घेतली आणि मागे निघाले. मामा छत्रीखाली यायला तयार नव्हता. बाईच्या छत्रीत कोण जाईल, म्हणून तो पुढे आणि मी हात लांब करून मागे, असं आमचं गावातून जाणं झालं. रस्ता रुंद केला तेव्हा दोन्ही बाजूंची बाभळीची आणि लिंबाची, म्हणजे कडुलिंबाची, झाडं गेली. डांबरावरून वाफ आल्यासारखं दिसत होतं. वाटेत तीन ठिकाणी लोकांनी विचारलं, काय गा मामा, राजासारखा जाऊन राहिला.

मारोतीपाशी मात्र एक लिंब शिल्लक आहे, मोठा, देवळावर पसरलेला. पोचलो तर वरात तिथे नाचत होती. डीजेची गाडी रस्त्यावर पुढे जाऊन उभी, तिचा माणूस हात करून बोलावतोय, आणि अकोल्याचे सगळे लिंबाच्या सावलीत गोल करून नाचतायत. एक पाऊल पुढे कोणी टाकत नव्हतं. दोन पोरं नाचता नाचता कडेपर्यंत जायची, डोक्याला ऊन लागलं की तशीच नाचत मागे यायची. नवरदेव घोड्यावर नव्हता, घोडाच आधी सावलीत जाऊन उभा राहिला होता. माझ्या होणाऱ्या भाऊजींनी मला ओळखून हात केला. त्यांच्या फेट्यातून पाणी गळत असल्यासारखा घाम येत होता.

मामा पारावर बसला. त्याचा चेहरा मला आवडला नाही, लाल होऊन सुकल्यासारखा. मी पाणी दिलं. पाण्याचा उपास नाही म्हणून त्याने घेतलं, हे नशीब. आता याला परत मंडपापर्यंत चालवायचं, मग कूलर नसलेल्या त्या कापडाच्या मंडपात उभं करायचं. मला ते जमणार नाही हे कळलं. ओरडून सांगावं असं माझ्यात नाही. मी देवळाच्या मागे जाऊन ताईला फोन लावला आणि जसं होतं तसं सांगितलं. ताई म्हणाली, "मग मीच येते तिथं. भटजीले सांग."

मला वाटलं ती रागात बोलतेय. पण ती खरंच आली. मामेबहिणीच्या स्कूटीवर मागे बसून, पिवळ्या साडीवर, अमरावतीच्या मुली बांधतात तसा तोंडाला स्कार्फ गच्च बांधलेला, आणि स्कार्फच्या बाहेर दोन्ही बाजूंनी मुंडावळ्या उडत होत्या. डीजे आपोआप बंद झाला. मागून बाबा मोटारसायकलवर, त्यांच्यामागे भटजी, मांडीवर पूजेचं ताट.

बाबांचं तोंड उतरलेलं होतं. नवरी वरातीकडे येते असं कोणी पाहिलं नव्हतं, आता व्याही काय म्हणतात याची त्यांना धास्ती. व्याही पारावर मामाच्या शेजारीच बसलेले होते, हातातल्या वर्तमानपत्राने वारा घेत. त्यांनी ताईकडे पाहिलं, वर लिंबाकडे पाहिलं. आणि म्हणाले, "आमाले काय. सावली पायजे."

बाबांनी हळूच विचारलं की तुमी तर अकोल्याचे. त्यावर ते म्हणाले, अकोल्याचेच हाओ, म्हणून तर सांगून राहिलो. विहीणबाई मागून म्हणाल्या की इतले वर्षं हेच ऐकून राहिली मी, आज खरं बोलले. तेव्हा सगळे हसले आणि बाबाही हसले.

अंतरपाट धरायला जागा करताना लोक दाटीवाटीने उभे राहिले, कारण ऊन वर चढत होतं आणि सावली लहान होत होती. गावातले काका लोक तोपर्यंत आले. ते मंडपात जाऊन, रिकामा मंडप पाहून, लग्न कुठं गेलं विचारत विचारत आले. जागा नव्हती म्हणून ते देवळाच्या पायऱ्यांवर उभे राहिले.

मामा ताईच्या पाठीशी उभा राहिला. मी त्याच्या बाजूला. मंगलाष्टकं कोणती म्हटली मला आठवत नाही, कारण मी पूर्ण वेळ मामाचं कपाळ बघत होते. डॉक्टरांनी मामीला सांगितलं होतं की घाम येतोय तोवर भ्यायचं नाही, घाम थांबला की धावायचं. पहिल्या दोन अष्टकांत कपाळ कोरडंच होतं आणि माझ्या हातातल्या अक्षता ओल्या होऊन चिकटल्या. मग थोडी हवा आली, लिंबाची वाळलेली फुलं ताईच्या डोक्यावर पडली, आणि मामाच्या भुवईवर एक थेंब दिसला. मग दुसरा. मग कानामागून धार लागली. मामा दुपट्ट्याने पुसायला गेला तर मी त्याचा हात धरला. राहू दे, म्हटलं. त्याला वाटलं मी रडतेय म्हणून त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

जेवणं उशिरा झाली, तीही लिंबाखालीच, पंगत वाकडीतिकडी. मामा पन्ह्याचे चार पेले पिऊन पारावर आडवा झाला होता आणि पडल्या पडल्या माझं लग्न ठरवत होता. म्हणाला, "हिचं दिवाळीनंतर करू. थंडीत. मले नाचायचं हाये."

आई वाढता वाढता थांबली. "अन् दिवाळीनंतर कापूस कोन येचीन, तू? तवा एक तरी माणूस वावराच्या बाहेर निघते का?"

मामाने विचार केला. फेब्रुवारी म्हणाला, तर बाबा म्हणाले हरभऱ्याची सोंगणी. मार्चात माझी परीक्षा, असं मी म्हटलं. व्याही म्हणाले मार्चातबी आता कूलर लावावं लागते. अशी सगळी वर्षाची पानं उलटून झाली आणि त्यांना मोकळा आणि थंड असा एकही महिना सापडला नाही. शिकणं पूर्ण व्हायला मला अजून बराच वेळ आहे असं मी सांगितलं. तेव्हा मामा डोळे मिटून म्हणाला की मग ठीक हाये, तवरोक या लिंबाच्या बाजूले अजून दोन लावून ठेवतो. बाबा म्हणाले ते मोठे व्हायले वीस वर्षं लागतात. मामा तोवर झोपला होता. मी वाकून पाहिलं, घाम येत होता.