काकूंच्या रुमालातली खसखस

काकूंनी रुमालाची गाठ सोडली आणि दुकानाच्या काउंटरवर मूठभर खसखस ओतली. "अशी पाहिजे. बारीक, पांढरी." दुकानदार कादरभाईंनी खसखशीकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं आणि हातातला पेपर तिच्यावर टाकला.

मी अबुधाबीत टुरिस्ट गाडी चालवतो. गाव लासूर स्टेशन. आठवीत शाळा सोडली, वेरूळच्या रस्त्यावर काळी-पिवळी चालवली. गाडीचे मालक, आमचे साहेब, त्यांनी मला इथं आणलं. लायसनला दोनदा नापास झालो, तरी परत पाठवलं नाही. त्यांचे उपकार आहेत. पाहुणे आले की पहिलं विचारतात, खरेदी कुठं करायची? माझं उत्तर ठरलेलं. मॉल बघायला. खजूर बंदराजवळच्या बाजारात. वाणसामान कादरभाईंकडं. पाहुण्याला दुकानी सोडायचं, थांबायचं, परत आणायचं, याला आम्ही शॉपिंग ड्रॉप म्हणतो. त्यात साहेबांचा नियम एकच: गाडीत पोलिसांना जे सापडेल ते आधी ड्रायव्हरच्या नावावर.

काकू पडेगावच्या. लेकीच्या बाळंतपणाला आलेल्या. डिंक, खारीक, खोबरं, सगळं मिळालं. खसखस तेवढी राहिली, म्हणून त्यांनी घरून आणलेला नमुना काढला. आपल्याकडं नमुना दाखवल्याशिवाय माल घेतच नाहीत.

"काकू, ही इथं चालत नाय. अफूच्या बोंडातलं बी आहे. नशेच्या मालात धरतात. सापडलं तर जेल."

"अरे, बाळंतिणीच्या लाडवात टाकते मी. नशा कसली?"

"व्हय. पण पोलिसाला मराठी यायला पाहिजे ना."

कादरभाई हळू आवाजात म्हणाले, "पहले पानी में डालो. बात बाद में."

दुकानाच्या मागं संडास होता. मी पेपरची पुडी आत रिकामी केली, रुमाल झटकला, फ्लश ओढला. खसखस तरंगते हे मला तोवर माहीत नव्हतं. निम्मी परत वर आली. टाकी भरेपर्यंत थांबलो. तेवढ्यात बाहेरून कोणी दार वाजवलं, अरबीत काही बोललं. डोळ्यांपुढं जेल नव्हता, आमचं घर होतं, आणि माझ्या नावाचा फोन घेणारी आई. टिश्यू पेपरचा बोळा वरून दाबला, पुन्हा ओढला. मग गेली. दार उघडलं तर माल उतरवायला आलेला एक माणूस. बिचारा घाईत होता.

काकूंना गाडीत बसवलं. पुढच्या सिग्नलला पोलिसांची गाडी शेजारीच येऊन थांबली.

"बाळा, एक सांगू का?" मागून काकू म्हणाल्या. "रागावू नको."

"बोला."

"सकाळी तुला लाडू दिले ना. त्यात पण हाय ती."

तीन दिले होते. एक खाल्ला होता. आठ महिन्यांनी घरचं काही मिळालं, म्हणून दोन डॅशबोर्डच्या कप्प्यात पुरवून ठेवले होते. मी कप्पा उघडला आणि दोन्ही लाडू तोंडात कोंबले. दुसरं काही सुचलं नाही. तोंड कोरडं पडलेलं, घास हलेना. शेजारचा पोलीस माझ्याकडंच बघत होता. काकूंनी मागून पाण्याची बाटली पुढं केली, पण हात स्टिअरिंगवरून सुटेना. पोलिसानं काच खाली केली आणि बोटानं वर दाखवलं.

सिग्नल हिरवा झाला होता.

काकूंच्या लेकीनं घरातला लाडवांचा डबा लगेच रिकामा केला. आईला तिनं जे सुनावलं ते मी दारात उभं राहून ऐकलं. काकू एवढंच म्हणाल्या, "पोराला चहा तरी दे, त्याचं तोंड बघ."

साहेबांना मी स्वतःच फोन केला. लपवलं असतं तर झोप लागली नसती. सगळं सांगून टाकलं.

"लाडू खाल्लेस?"

"हो, साहेब."

"दोन्ही?"

"हो."

"पुरावा खाणारा ड्रायव्हर पहिल्यांदा पाहिला."

"साहेब, माझी नोकरी..."

"उद्या सातचा पिकअप आहे. उशीर करू नको."

काकूंनी गावी परतताना मला बिनखसखशीचे लाडू दिले. चव तेवढी नव्हती, पण आठवडाभर निर्धास्त खाल्ले. आता कोणी विचारलं की खरेदी कुठं करायची, तर मी गाडी चालू करत नाही. आधी विचारतो, सोबत काय आणलंय?