कंट्रोल पाठवा

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी मला रंगांचं खूळ लागलं होतं. बारामतीच्या हॉस्टेलवर कॉटशेजारच्या भिंतीला मी तक्ताच चिकटवला होता: जिवंत पेशी हिरव्या, मेलेल्या लाल. आमच्या गावी, अंथुर्ण्याला, बोअरचं पाणी खारट. ते पिऊन उसाच्या मुळीतल्या पेशी तग धरतात की मान टाकतात, एवढाच माझा प्रश्न. मुळी दोन रंगांत बुडवायची, अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपखाली ठेवायची, वरून निळा उजेड सोडायचा, की रंग आपोआप चमकायला लागतात. पानं मी आधीच बाद केली होती. कारण या उजेडात पानातला हिरवेपणा स्वतःच लाल चमकतो, म्हणजे जिती माणसं मेलेल्यांच्या पंगतीला! हे माझं मला सुचलं होतं, त्यामुळे मी हवेतच होते.

तो मायक्रोस्कोप काही आमच्या कॉलेजचा नव्हता. एका संशोधन केंद्राकडून एक दुपार मागून घेतली होती. ती वाया गेली तर पुन्हा नंबर लागेपर्यंत परीक्षा उरकणार, प्रोजेक्टवर सही होणार नाही आणि माझं वर्ष बोंबलणार.

आदल्या दिवशी प्रोजेक्टच्या मॅडमनी माझा तक्ता बघितला. रंग, वेळ, क्रम, सगळ्याला मान डोलावली आणि विचारलं, "कंट्रोल कुठाय?"

झालं! कंट्रोल म्हणजे अजिबात रंग न लावलेली मुळी. मुळी मुळातच थोडी चमकत असली, तर दिसलेलं हिरवं रंगाचं की तिचं स्वतःचं, हे सांगणार कोण? आणि मी शहाणी, उत्साहाच्या भरात सगळ्या मुळ्या रंगात बुडवून बसले होते. एकही कोरी उरली नव्हती. बाकीच्या घरी, पडवीतल्या ट्रेमध्ये.

वडलांना फोन लावला. आम्ही त्यांना आबा म्हणतो. आबा मोटारीपाशी, पाण्याचा आवाज, त्यात रेंज तुटतेय. ट्रेमधल्या मुळ्या, ओल्या फडक्यात, उद्या सकाळी, असं मी घसा फाडून सांगितलं.

"काय पायजे?" आबा ओरडले.

"कंट्रोल! कंट्रोल पाठवा, आबा! त्याच्याबिगर माझं काय खरं न्हाय!"

फोन कट. पुन्हा काही लागेना. पण निरोप पोचला म्हणून मी निवांत.

सकाळी हॉस्टेलच्या दारात आबा स्वतः हजर. मोटरसायकलला मागं गोणी बांधलेली आणि चेहरा एवढासा झालेला.

"पोरी, मेसमधी उपाशी ठेवत्यात का काय तुला? कंट्रोलच्या तांदळावर आलीस आन् आमाला बोलली न्हाईस?" मग गोणीवर थाप मारून म्हणाले, "आगं, कंट्रोलचा कशाला खातीस? इंद्रायणी आणलाय. आईनं निवडून दिलाय."

आमच्याकडं कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान! मी हसत सुटले. हसता हसता तिथंच पायरीवर बसले आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मधूनच आठवे की मुळी अजून अंथुर्ण्यातच आहे, मग हसू थांबे, मग पुन्हा सुटे.

"बया, हसतीस काय? मला रातभर झोप न्हाय."

शेवटी एकदाचं समजावलं.

"म्हंजी कोरी मुळी! मंग कोरी म्हणायचं की!" असं म्हणून आबांनी घरी फोन लावला. त्यांचा आवाज असा की फोन नसता तरी चाललं असतं. आईनं ट्रे उचलून थेट दुधाच्या टेम्पोत, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसवला. वर ओला टॉवेल. बारामतीत डेअरीच्या फाटकावर तो माझ्या हातात पडला तेव्हा मी टेम्पोचाच मुका घ्यायची बाकी होते.

दुपारी संशोधन केंद्राच्या दारात आबा म्हणाले, "मी बी बगणार." चपला बाहेर काढून आत आले.

आधी कोरी मुळी. स्क्रीनवर हिरवट उजेड! रंग न लावताच! "म्हणूनच कंट्रोल," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "ही काळी दिसेपर्यंत कॅमेऱ्याचं एक्सपोजर कमी करत जा. मग त्या सेटिंगला हात न लावता रंगवलेली बघ." मी कमी करत गेले. हिरवं विझत विझत सगळा काळोख.

"हितं काय बी न्हाय की," आबा हळहळले.

"न्हायच पायजे, आबा! न्हायच पायजे!" मी टाळ्या पिटल्या. मग रंगवलेली मुळी ठेवली. हीसुद्धा काळी निघाली तर खलास. मी डोळे मिटूनच घेतले.

"आरं तिच्या!" आबांचा आवाज आला. डोळे उघडले तर स्क्रीनभर हिरव्यागार पेशी, दाटीवाटीनं, लाल एखादीच. आमचं खारट पाणी पिऊन जित्या! मॅडमनी फोटो बघितले आणि सहीसाठी पेन मागितलं.

मी उड्या मारत बाहेर आले, तर आबा आईला फोनवर सांगत होते.

"व्हय, बगितली. तू दिलेलीच मुळी. काळंकुट्ट. काय बी दिसलं न्हाय." क्षणभर ऐकून घेतलं आणि एकदम खेकसले, "आगं रडतीस काय? काय दिसलं न्हाय म्हणून तर पास झाली पोरगी!"