दोन इंच तीन सूत

सुप्रभा मूळची पुण्याची, कामाला चोख. टोकियोतल्या ज्या छोट्या कंपनीत ती प्रोग्रॅमर होती, ती चीनमधून लहान मुलांच्या कठड्याच्या खाटा मागवून जपानात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांना विकायची. चिनी कारखान्याचा म्हातारा मिस्त्री मापं अजून जुन्या चिनी एककांत लिहून पाठवी. त्यांचे फूट-इंच करणारा प्रोग्रॅम सुप्रभाचा. त्यातलीच एक खाट तिने आपल्या लेकीसाठी, केतकीसाठी, घरी आणली होती.

२०१४ च्या मे महिन्यातला रविवार. इचिकावातल्या घरी नऊ महिन्यांची केतकी खाटेत खेळत होती. सुप्रभाच्या नवऱ्याने, लक्ष्मीकांतने, सोड्याच्या रिकाम्या कॅनमध्ये तांदूळ भरून तिला खुळखुळा करून दिला होता. तो खण्णकन जमिनीवर पडला.

"कठड्यावरून फेकला वाटतं," लक्ष्मीकांत हसला.

"नाही रे, गजांमधून ढकलला तिने..." बोलता बोलता सुप्रभा थबकली. गजांमधली फट दोन इंच तीन सूत, म्हणजे जेमतेम सहा सेंटिमीटर, असं वेबसाइटवर तिनेच लिहिलं होतं. कॅन त्याहून रुंद होता.

तिने टेप लावला. फट साडेसहाच्याही वर भरली. तिने आधी केतकीला उचललं, मग कारखान्याचा कागद काढला. फट दोन 'सुन'. जपानी सुन तीन सेंटिमीटरचा, तिने तोच धरला होता. चिनी लोक अक्षर तेच लिहितात, पण त्यांचा सुन सव्वातीनच्याही वरचा. कुणाचा सुन, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

तिने साहेबांना फोन लावला. "मोरिता-सान, खाटेच्या गजांमधली फट पाव इंचाने जास्त आहे. बाळाचं अंग बाहेर येईल आणि डोकं आत अडकेल. एक्केचाळीस घरांत या खाटा गेल्यात. चूक माझी, फोन मीच करते."

नवव्या घरची बाई मध्येच म्हणाली, "काल सकाळी आमच्या मुलाचे पाय कमरेपर्यंत बाहेर आले होते. आम्ही हसलो. फोटोसुद्धा काढला."

"त्याला आत्ता खाटेतून बाहेर काढा," सुप्रभा म्हणाली.

संध्याकाळपर्यंत चाळीस घरं झाली. एक फोन लागेना. सोमवारी पहाटेच्या गाडीने ती त्या घरी, योकोसुकाला गेली. दार उघडणाऱ्या तरुण आईला तिने उंबऱ्यातच सगळं सांगितलं. बाई धावत आत गेली आणि झोपलेलं बाळ छातीशी धरून आली. ते जांभई देत होतं.

नंतर सगळ्या खाटा परत आल्या. कुठल्याच बाळाला इजा झाली नव्हती, तिची नोकरीही टिकली. पण त्या सोमवारी सुप्रभा स्टेशनच्या बाकावर बसली ती बसूनच राहिली. समोरून तीन गाड्या गेल्या, तरी तिला उठवेना.