मोहाच्या ओंडक्यातली लेकुरवाळी

ऊर्जानगरच्या आमच्या क्वार्टरमागे नळ गळायचा आणि त्या ओलीत मोहाचा एक पोकळ ओंडका पडलेला असायचा. माझं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. दुसऱ्या वेळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खाटेवरून उठायचं नाही. मग करायचं काय, डोंबल? मागच्या दारी खाट टाकून पडल्या पडल्या मी काठीनं ओंडक्याची साल उचलायची आणि आतले करडे, चौदा पायांचे किडे बघायची.

आधी सगळे सारखेच. हळूहळू ओळखू यायला लागले. काठी लागताच गोळी होणारा वेगळा. चपटा, शेपटीला दोन काड्यांचा, तो पळपुटा. तिसरा लाकडाला चिकटून बसायचा, मेला तरी सुटायचा नाही. एकदा बोराएवढा गोळा सापडला. मी त्याला गोळीवाल्यांचा आजोबा ठरवलं. उलगडला तर पायच पाय! त्याचं कूळच निराळं. नळ टिपटिपत राही, माझा डोळा लागे आणि झोपेतही ते चालत राहत, माझ्या पोटावरून, अगदी सावकाश.

"काऊन वं, त्या घाणीत काय पाहून राह्यली?" सासूबाई विचारायच्या. सणवार, शकुन-अपशकुन, सगळ्यात काटेकोर बाई. एक दिवस एक गोळीवाली उताणी पडली. पोटाला पिशवी, आत पांढरे ठिपके वळवळत होते.

"आई, हिची ओटी भरली हाये, पाहा."

चष्मा लावून त्या वाकल्या. बराच वेळ वाकूनच राहिल्या.

होळीच्या सकाळी ओंडका गायब. पोरांनी नेऊन चौकातल्या होळीत टाकला होता. आमच्याकडे होळीत गेलेलं लाकूड कोणी परत आणत नाही, घराला अपशकुन होतो म्हणतात. मी हमसून हमसून रडले. वाटलं, आता आपलंही राहत नाही.

सासूबाईंनी पदर खोचला आणि निघाल्या. चौकातून कोणीतरी ओरडलं, "बाई, होळीतलं लाकूड वापस नेत नाई!"

"मले नोको शिकवू," त्यांचा आवाज मागच्या दारापर्यंत आला. "लेकुरवाळी हाये ते. मी नाई जळू देत."

ओंडका काखेत घेऊन आल्या, नळाखाली ठेवला, वर तांब्याभर पाणी घातलं. संध्याकाळी होळी पेटली, तरी त्या ओंडक्यापाशी पाट टाकून बसलेल्याच.

"आई, पूजेले नाई जात?"

"गेली तं पोट्टे पुन्हा नेतीन. आधी तुमचं दोघीचं नीट होऊ दे."

झालं. दोघींचंही.