खारवणाच्या पिपावरची मोटर

खारवलेल्या माशांचा वास आला की मला अजून आमच्या वाडीतली विहीर आठवते, आणि तिच्या काठावर धापा टाकणारी ती मोटर.

रत्नागिरीच्या कडेची आमची वाडी. विजेचे खांब तिथे नुकतेच आले होते. विहीर आबांची, म्हणजे वाडीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाची. खालच्या वाडीतल्या बायकांना तिच्या कठड्याशी यायची मुभा नव्हती. त्या पायरीखाली घागरी मांडून उभ्या राहत. वरून कोणी ओतलं तर पाणी. शिवाशिवीविरुद्ध कायदा झाला होता. मी त्याची पत्रकं रहाटाला चिकटवत असे. सकाळी ती भिजून खाली पडलेली दिसत.

शेवटी मोहल्ल्यातल्या चाचांनी तोड काढली. बोटींवर जन्म गेलेला माणूस. मोडीत निघालेल्या बोटीवरची पंपाची मोटर त्यांनी आणली. विहिरीवर पंप, वर टाकी, पायरीखाली नळ.

"ही पळवाट आहे, चाचा. हक्क विहिरीवर हवा."

"आणि तोवर? तुझी पत्रकं पिळून घागर भरायची काय रे?"

बायका पायरीखालीच राहणार म्हणून आबांनी होकार दिला, पण अट घालून. मोटर एकदाच चालवून बघायची. जळली तर नळाचं नाव पुन्हा काढायचं नाही.

मोटर होती एकशे दहा व्होल्टची आणि खांबावरची वीज दोनशे तीसची. सरळ जोडली तर मोटर जळणारच. चाचांनी मासे खारवायचं लाकडी पीप आणलं, त्यात पाणी भरून दोन लोखंडी पत्रे टांगले, आणि वीज त्या पाण्यातून मोटरीकडे नेली. नुसतं पाणी वीज अडवतं. जितकं मीठ घालावं तितकी तिला वाट मोकळी होते. चाचांनी बेताचं मीठ घातलं आणि ते खांबाकडची जोडणी बघायला गेले.

आमच्या वाडीत कुठलंही सगळ्यांचं काम असलं की घरटी काहीतरी द्यायची रीत. पिपात मीठ लागतं एवढंच लोकांना कळलं होतं. घरटी एक मूठ पडली. खालच्या वाडीनेही आपली मूठ आणून दिली. मिठाला विटाळ नव्हता.

चाचांनी परत येऊन बटण दाबलं. मोटर किंचाळली, धूर आला. त्यांनी झटकन वीज तोडली आणि पिपातलं पाणी जिभेला लावलं.

"मीठ कोणी घातलं?"

"सगळ्यांनी!" वाडी अभिमानाने म्हणाली.

"मोटर चालवायची होती, का लोणचं घालायचं होतं?"

"जळली," म्हणत आबा छत्री घेऊन उठले.

"जळली नाय, तापलीय. अर्धं पीप ओता, गोडं पाणी भरा!"

पण भरायचं कशाने? पंप बसवताना रहाट काढला होता. वरची मंडळी गंमत बघायला हात हलवत आलेली. घागरी होत्या त्या फक्त पायरीखाली, आणि त्यांना हात लावायला वरचं कोणी पुढे होईना. मी गेलो. सगळ्यात पुढे उभ्या असलेल्या बाईला मी काकू म्हणत असे. तिच्या घागरीला मी हात घातला, तर तिने ती मागे ओढली.

"तू कशाला? मला उचलता येते."

ती पायरी चढली. रहाटाची दोरी पडली होती, ती घागरीच्या गळ्यात बांधली आणि कठड्याशी थांबली.

"आबा, मोटर हवी ना?"

आबांनी पिपाकडे पाहिलं, तिच्या हातातल्या दोरीकडे पाहिलं. मग छत्री कठड्याला टेकवत ते म्हणाले, "दोरी नीट धर. तिथे शेवाळ आहे."

घागर विहिरीत बुडाल्याचा तो आवाज माझ्या एकाही पत्रकात मावला नसता. तिच्यामागून दुसरी चढली, मग तिसरी. पीप भरलं, बायका कठड्यावरच राहिल्या. चाचांनी सगळ्यांना पिपापासून लांब केलं आणि बटण दाबलं. मोटर या वेळी शांतपणे घुमली.

नळाला पाणी आलं तेव्हा पायरीखाली घागर लावायला कोणीच नव्हतं.